नमद्याचा तिसरा भाव

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. अकोल्यात सगळे त्यांना भावसाहेब म्हणत. वऱ्हाडात घरटी एक भाऊसाहेब सापडतो, त्यामुळे नवख्या माणसाला वाटे की आपली ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. हा भाव म्हणजे बाजारभाव. तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय हे गृहस्थ काडेपेटीसुद्धा घेत नसत, आणि तिसरा भाव हाती येईपर्यंत पहिले दोन दुकानदार कपाळाला हात लावून बसलेले असत.

कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी तीन बायकांपुढे उकिडवे बसायचे, तिन्ही जुड्या नाकाला लावायचे आणि उठताना म्हणायचे, "पाहून येतो." एकदा ताप भरला तेव्हा तीन डॉक्टरांकडे जाऊन तीन औषधं घेऊन आले. ती खिडकीत मांडून कुठलं घ्यावं याचा विचार चालू असतानाच ताप उतरला. मला म्हणाले, "पाहा, घाई केली असती त बाटलीभर औषध फुकट पोटात गेलं असतं."

उंच, खांद्यात जरा वाकलेले, डोक्यावर काळी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटी कात्री. ही कात्री नमुने कापायला. पडदा दिसला, चादर दिसली, सतरंजी दिसली की तिचा कोपरा गेलाच म्हणून समजा. आमच्या शेठजींच्या नव्या गादीच्या खुर्चीखालून त्यांनी एकदा बोटभर कापड कापून नेलं होतं, आणि वर शेठजींनाच सांगितलं होतं की दुकानदारानं तुम्हाला फसवलं.

लग्नाचं त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. एकदा आपणहूनच बोलले. "दोन स्थळं आल्ती. तिसऱ्याची वाट पाह्यली. तवर त्या दोघीईचीही लग्नं झाली." हे सांगून ते हसले आणि मीही हसलो. मग त्यांनी टेबलावरचं वजन उचलून दुसऱ्या कागदावर ठेवलं आणि आम्ही कामाला लागलो.

मी तेव्हा शेठजींकडे हिशेबनीस होतो आणि भावसाहेब त्यांची खरेदी पाहत. विदर्भ नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता, आणि त्याच सुमारास शेठजींच्या डोक्यात टॉकीज शिरलं. जागा शोधायची त्यांना गरजच वाटली नाही. मोर्णा नदीच्या अंगाला रुईच्या गाठी ठेवायचं त्यांचं गोदाम रिकामं पडलं होतं. एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला मशीनची खोली, मधे खुर्च्या, की झालं टॉकीज. खुर्च्या यायच्या आधी त्यांनी एक जुनं मशीन लावून रीळ चालवून पाहिलं. पडद्यावरची बाई "नाथ" म्हणाली, आणि गोदामानं ते चार-पाच वेळा म्हटलं. नाथांनी उत्तर दिलं तरी बाईचा नाथ चालूच. कोण कोणाला काय म्हणतंय, काही पत्ता लागेना.

मशीनवाला म्हणाला, भिंतींना फेल्ट ठोका. फेल्ट म्हणजे आपला नमदा. घोड्याच्या खोगिराखाली असतो तो. लोकर भिजवून, दाबून, लाटून केलेलं जाड कापड. कापड म्हणायचं एवढंच, कारण त्यात ना उभा धागा ना आडवा, विणकाम म्हणून नाहीच. याचे रोल भिंतींवर चढवले की आवाज त्यात जिरतो.

"भावसाहेब, नमदा मंगवा," शेठजी म्हणाले. "पाडव्याले पहिला खेळ लागला पायजे. बात खतम."

पोळा होऊन गेला होता. दिवाळीला वेळ होता, पण भावसाहेबांच्या हिशेबानं फार नव्हता. त्यांनी मुंबईला, कलकत्त्याला आणि कानपूरला पत्रं टाकून नमुने मागवले. ही बातमी गावात फुटायला वेळ लागला नाही, पण फुटली ती भलत्याच बाजूनं. माझी बायको एक दिवस शेजारणीकडून ऐकून आली, की टॉकीजमधल्या त्या भावसाहेबांनी या वयात मनावर घेतलंय आणि ते तीन तीन नर्मदा पाहून राहिलेत. एक मुंबईची, एक कलकत्त्याची, एक कानपूरची. मी तिला खुलासा करणार होतो. पण ती एवढी आनंदली होती की म्हटलं, राहू दे. त्याच आनंदात तिनं त्यांना जेवायला बोलावलं.

भावसाहेब आले, पाटावर बसले, आणि मान खाली घालून जेवू लागले. बायकोला धीर धरवेना. भाकरी वाढता वाढता तिनं विचारलंच, "मग भावजी, ठरली का नर्मदा?"

भावसाहेबांना 'नमदा' ऐकू आलं, आणि 'ठरली' म्हणजे त्याची जात ठरली असं वाटलं. "अजून नाही, वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले. "कानपूरची चांगली वाटते. जाड हाय. पन वास येते."

बायकोच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आणि मुंबईची?"

"रंगानं उजळ. पन पातळ पडते. चार वर्सात फाटीन." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "कलकत्तेवाल्याईचं मले खरं वाटत नाही. लोकर म्हनतेत आनि ताग देतेत."

मला ठसका लागला म्हणून मी उठून परसात गेलो. बायकोला मागाहून सगळं कळलं तेव्हा ती आधी माझ्यावर चिडली, मग पदर तोंडाला लावून हसली, आणि मग हळूच म्हणाली, "खरंच असती एखादी तर बरं झालं असतं हो." जाताना मात्र भावसाहेब दारात थबकले होते. त्यांनी तिला विचारलं होतं, "तुमी जेवल्या काय, वहिनी?" ती म्हणाली, "मी मागून बसेन." त्यावर त्यांनी मान डोलावली आणि गेले. हे त्यांचं विचारणं मला तेव्हा रिवाजातलंच वाटलं. आमच्याकडे रस्त्यात माणूस भेटला तरी आधी जेवणाचं विचारतात.

मग आलेल्या नमुन्यांची आवाजाची परीक्षा सुरू झाली. एका लाकडी खोक्याला आतून नमदा लावायचा, आत गजराचं घड्याळ ठेवून झाकण लावायचं, आणि कानामागे हात धरून उलट्या पावलांनी मागे सरकत जायचं. टिकटिक जिथं थांबेल तिथं खडूची खूण. मुंबईचा नमदा लावला तेव्हा ते असे मागे सरकत सरकत फाटकाबाहेर गेले आणि सरकीच्या बैलगाडीवर आदळले. गाडीवान म्हणाला, "बाप्पा, पुढं पाहून चालनं शिका!" हे त्याही स्थितीत म्हणाले, "थांब, अजून ऐकू येऊन राह्यलं."

गावातला एक पिंजारीही भाव घेऊन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "भावसाहेब, कापसाच्या मुलखात लोकर काहून? मी भिंतीईले गाद्या ठोकून देतो."

भावसाहेबांनी त्याच्याच खांद्यावरचा कापसाचा पुंजका घेतला आणि काडी लावली. भक्कन ज्वाळ झाली. मग कानपूरचा तुकडा घेऊन त्याला काडी लावली. तो नुसता करपला आणि केस जळल्याचा वास सुटला.

"मानसं सिनेमा पाहाले येतीन का बिड्या पेटवाले?" पिंजारी म्हणाला.

"दोनीले," भावसाहेब म्हणाले, आणि पिंजाऱ्याला त्यांनी चहा पाजला.

इथवर सगळं त्यांच्या स्वभावाला धरून होतं. पण दिवस जाऊ लागले आणि भाव काही ठरेना. तिन्ही कोटेशनं टेबलावर होती. तर म्हणाले, कलकत्त्याचा माल तागाचा आहे, तो नमद्यात धरता येत नाही, म्हणजे दोनच भाव झाले. अमृतसरला पत्र गेलं. तिकडून भाव आला, तर मुंबईवाल्यांच्या रोलची रुंदी कमी भरते म्हणून ते बाद. पुन्हा दोनच. मग मद्रासला पत्र. एक आला की एक बाद, असा तिसरा भाव कायम वाटेतच. आता कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, म्हातारा दलालीसाठी अडून बसलाय. शेठजींच्याही कानावर ते गेलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "त्याईले सांगा, सोमवारी मले भाव पायजे. नाही तर सोमवारपासून मी दुसरा मानूस पाहतो."

हे सांगायला मी दुपारी गोदामाकडे गेलो. कारागीर जेवायला गेले होते. मशीनच्या खोलीकडून आत शिरलो तर समोर, जिथं पडदा यायचा होता तिथं, भावसाहेब उभे होते. टोपी हातात, बूट बाजूला काढून ठेवलेले. घरात शिरताना माणूस आतल्या माणसाला हाक मारतो तेवढ्या आवाजात ते म्हणाले,

"जेवले काय?"

गोदाम म्हणालं, "जेवले काय... वले काय... काय..."

"हो, जेवलो," भावसाहेब म्हणाले.

"जेवलो... वलो..."

"वांग्याची भाजी होती."

"भाजी होती... होती..."

मला पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला सांगू? पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच मेलं. चोरून ऐकणं बरं नाही म्हणून मी खाकरलो. गोदामही चार-पाच वेळा खाकरलं.

ते दचकले नाहीत. बूट घालायला खाली बसले आणि बसूनच राहिले. मी जवळ गेलो.

"हिशेबनीस, तुमच्या घरी कोन इचारते?"

"काय?"

"जेवले काय म्हनून."

"बायको विचारते."

"रोज?"

"रोज. उशीर झाला तर चिडून विचारते."

"चिडून इचारलं तरी इचारलंच," ते म्हणाले. "मले खानावळवाला काहून इचारीन? त्याच्यासमोरच त जेवतो मी." मग वर टिनाकडे पाहत राहिले. "पह्यल्या दिवशी मी मिस्तरीले 'जेवले काय' म्हनून हाक मारली होती. मिस्तरी नोता. यानं इचारलं मले. रस्त्यात सारेच इचारतेत, पन एवढ्या वर्सात आतून कोनी इचारलं नोतं. मले माहीत हाय, माहाच आवाज हाय तो. मी काही येडा नाही. पन आवाज तिकडून येते ना."

शेठजींचा निरोप मात्र सांगावाच लागला.

"म्हणून तिसरा भाव येत नाही होय?" मी विचारलं.

"येईन. आला का हे मुकं होईन."

मला एक तोड सुचली आणि मी ती बोलून दाखवली. कलकत्त्याचा तागाचा माल घ्या. सगळ्यात स्वस्त, शेठजी खूश. आणि तो आवाज पुरता खातही नाही, म्हणजे तुमचंही थोडं राहील. एवढे दिवस मी त्यांना ओळखत होतो, पण त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते उठून उभे राहिले.

"मंग बाई दोनदा नाथ म्हनीन! लोकं तिकीट काढून येतीन, त्याईले काय माहं जेवन ऐकवू?"

"ऐकवू... कवू..." गोदाम म्हणालं, आणि भावसाहेब मागे न पाहता बाहेर पडले.

सोमवारी ते कानपूरचा नमुना घेऊन शेठजींपुढे उभे राहिले. तपकिरी, बोटभर जाडीचा, मेंढीचा वास मारणारा. शेठजींनी भाव पाहिला आणि त्यांचा हात आपोआप कलकत्त्याच्या कागदाकडे गेला.

"हे काय वाईट हाय? भिंतच त झाकाची हाय."

"भिंत नाही झाकाची, शेठजी. आवाज झाकाचा हाय."

"थोडा घुमला त काय बिघडते?"

"मंग माह्यापेक्षा सवंग मानूस पाहा," भावसाहेब म्हणाले. "मी हाच आननार."

शेठजींनी नमुना चिमटीत दाबला, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सही केली. बाहेर पडल्यावर एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्यलं? महागाचाच घेतला. दलाली पक्की." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. या सौद्यात भावसाहेबांना काय मिळालं ते मला ठाऊक नाही असं त्याला वाटत होतं, आणि मला तर त्यांचं काय गेलं तेही ठाऊक होतं.

रोल आले. सुतारांनी एकेक भिंत झाकायला घेतली. भावसाहेब स्वतः जोड तपासत, कुठं फट दिसली तर पुन्हा ठोकायला लावत. एक भिंत झाली आणि गोदामाचं बोलणं तोकडं झालं. दुसरी झाली तेव्हा ते नुसतं पुटपुटायला लागलं. शेवटची मागची भिंत पुरी झाली त्या दुपारी मी मुद्दाम गेलो. सुतार हत्यारं आवरून गेले. भावसाहेब पडद्याच्या जागी गेले, टोपी काढली.

"जेवले काय?"

काही नाही. आवाज त्यांच्या तोंडातून निघाला आणि तिथंच संपला. ते थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले. एवढा लांब-रुंद हॉल आणि त्यात कोणी श्वास घेतल्याचाही आवाज नाही. मला ते सहन झालं नाही. मशीनच्या खोलीपासून मीच म्हणालो, "जेवलो, भावसाहेब. तुम्ही?"

त्यांनी मान वळवली. "तुमचा आवाज साफ येते," ते म्हणाले. "माल चांगला निघाला."

पाडव्याला पहिला खेळ झाला. बाई एकदाच नाथ म्हणाली, आणि ते ऐकून बायकांच्या बाजूला रडारड झाली. शेठजी सगळ्यांकडून कौतुक गोळा करत फिरत होते. भावसाहेब बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी शेंगदाणे खात उभे होते. शेवटपर्यंत आत आले नाहीत.

त्यानंतर त्यांचं अकोल्यात मन लागलं नाही. शेठजींनी थांबवलं, पगार वाढवतो म्हणाले, तरी गेले. अमरावतीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये खरेदीचं काम मिळालं. माझी सासुरवाडी अमरावतीची, त्यामुळे आमचं जाणं-येणं असे. पहिल्या खेपेला बायकोनं त्यांच्यासाठी स्वतः शिवलेली गोधडी दिली आणि मी पत्ता काढत गेलो.

जिनिंगच्या आवारात, बारदान ठेवायची लांबच लांब खोली. वर टिन, चारी भिंती उघड्या, आत एक चटई, एक तांब्या, खुंटीवर टोपी. बस्स. एवढ्या पगाराच्या माणसानं इथं राहावं? मी म्हटलं, "तीन खोल्या पाहून ही निवडली?"

"पाह्यल्या ना. बाकीच्या दोनी चांगल्या होत्या. पन बोलत नोत्या."

मी गोधडी पुढे केली. त्यांनी तिचा काठ बोटांत चोळला, टाके पाहिले, हात सवयीनं खिशातल्या कात्रीकडे गेला आणि मागे आला. "बाकीच्या दोन कुठी हायेत?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. खोलीही हसली. मग त्यांनी गोधडी माझ्याकडे परत सरकवली. "नको. एक गोधडी आली का मंग खाट येते. खाट आली का तिच्याखाली ट्रंक येते. खोली भरली का गप्प होते."

"तुमची वहिनी रागावेल."

हे त्यांना पटलं असावं. गोधडी मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसले. तिच्यावर हात फिरवत होते. शेवटी म्हणाले, "ठेवतो मी. पन मंग तुमी येत जा इचाराले."

मी गेलो. अमरावतीला गेलो की आवाराच्या फाटकातूनच ओरडायचो, "जेवले काय?" आणि आतून यायचं, "हो. तुमी?" दर खेपेला खोलीत काहीतरी नवं दिसे. खाट आली. ट्रंक आली. एकदा तर खिडकीला पडदा होता, तीन कोपरे शाबूत आणि चौथा कापलेला. "दुकानातच कापला," ते म्हणाले, "मंग तोच घ्यावा लागला." खोली हळूहळू मुकी झाली, आणि त्याची तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. बायकोला ते दर वेळी निरोप द्यायचे की गोधडी उबदार आहे.

एका उन्हाळ्यात बायकोच्या आजारपणामुळे आमचं जाणं लांबलं. ती बरी झाल्यावर गेलो. फाटकातून सवयीनं ओरडलो. उत्तर आलं नाही. चौकीदार बाहेर आला आणि म्हणाला, "ते त गेले, साहेब. चैतातच. झोपीतच गेले. तरास नाही झाला." भाचा आला होता म्हणे, सामान गाडीत घालून घेऊन गेला. खोली अजून कोणाला दिलेली नव्हती. मी म्हटलं, पाहून येतो.

दार नुसतं लोटलेलं होतं. खाट नव्हती, ट्रंक नव्हती, पडदा, गोधडी, काही नव्हतं. टोपीची खुंटी तेवढी होती. उंबऱ्यात उभं राहून आता काय करावं ते मला सुचेना. मग ज्यासाठी आलो होतो तेच केलं.

"जेवले काय?" मी म्हणालो.

खोलीनं मला विचारलं, "जेवले काय... काय..."

"हो," मी म्हणालो, "जेवलो."